वीरगळांचं संकेतस्थळ कुठे ठेवू? (स्टॅटिक आहे, पैसे बेताचे, पण टिकायला हवं)

माणदेशी (धागाकर्ती), सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. माझी पीएचडी सातारा जिल्ह्यातल्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर, चालू आहे. चार वर्षं माण, खटाव, कऱ्हाड, पाटण पालथं घालून ३८६ वीरगळ आणि सतीशिळा नोंदवल्या आहेत. प्रत्येक शिळेची उंची-रुंदी, चौकटी किती, कुठल्या चौकटीत काय कोरलंय, शिळा सध्या कुठे आहे (पाराखाली, देवळाच्या भिंतीत, एक तर चक्क गोठ्याच्या उंबऱ्याला लावलेली), आणि फोटो. फोटो १,१४० आहेत, मूळ आकारात साधारण ८ जीबी.

प्रबंध यथावकाश शोधगंगेवर (देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) चढेल. पण ४२० पानांच्या पीडीएफमध्ये आपल्या गावची शिळा कोण शोधत बसणार? म्हणून भाच्याने ह्यूगो (स्टॅटिक, म्हणजे आधीच तयार पानांची साइट बनवणारं सॉफ्टवेअर) वापरून संकेतस्थळ बनवून दिलंय. प्रत्येक शिळेला एक पान, गावांची यादी, नकाशा, शोधाची चौकट. माझ्या लॅपटॉपवर झकास चालतं.

आता घरात आणि विभागात तीन मतं. भाचा म्हणतो गिटहबवर (प्रोग्रॅमर लोक फाइली ठेवतात त्या सेवेवर) टाक, फुकट आहे. मार्गदर्शक म्हणतात विद्यापीठाचा सर्व्हर असताना बाहेर कशाला. नवरा म्हणतो सरळ वर्षाचं होस्टिंग विकत घे आणि मोकळी हो. तिघांनाही एकच विचारलं, दहा वर्षांनी काय? तिघंही गप्प. म्हणून इथे आले.

मला प्रोग्रॅमिंग येत नाही. सांगितलेल्या पायऱ्या मात्र नीट पाळते.

---

गंजका खिळा, सोमवार, रात्री ११:२०

डेटाबेस नाही, लॉगिन नाही, प्रतिक्रिया नाहीत, बरोबर? मग तुमची अर्धी चिंता आत्ताच मिटली. ह्यूगो शेवटी 'पब्लिक' नावाचं एक फोल्डर तयार करतो आणि त्यात नुसत्या एचटीएमएल फाइली आणि चित्रं असतात. ते फोल्डर उचलून जगातल्या कुठल्याही सर्व्हरवर ठेवलं की साइट चालू. आज इथे, उद्या तिथे. वर्डप्रेससारखं पीएचपीची आवृत्ती बदलली म्हणून रात्रीत कोसळणार नाही.

गिटहबवरून साइट दाखवायच्या सोयीला गिटहब पेजेस म्हणतात, तिचे नियम असे: साइट १ जीबीच्या आत हवी, महिन्याला १०० जीबी वाहतुकीची मऊ मर्यादा, आणि एकेक फाइल १०० एमबीच्या वर असेल तर गिटहब ती घेतच नाही. फुकट खात्यात पेजेस वापरायचं तर रेपो (तुमच्या फाइलींचं तिथलं कपाट) सार्वजनिक ठेवावा लागतो. विद्यार्थी असल्याचा पुरावा देऊन प्रो खातं मिळतं, मग रेपो खाजगी ठेवूनही साइट उघडी राहते. तुमची पीएचडी चालू आहे म्हणजे तुम्ही अजून विद्यार्थीच. घेऊन टाका.

---

खटपट्या, सोमवार, रात्री ११:४१

८ जीबी १ जीबीत बसणार नाही हे उघड आहे. पण ८ जीबी चढवायचेच कशाला? कॅमेऱ्याचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, ७ एमबीचा. मोबाइलच्या पडद्यावर त्यातलं काय दिसणार? लांब बाजू १६०० पिक्सेल करा आणि वेबपी स्वरूपात साठवा. फोटोमागे साधारण २५० केबी धरा. १,१४० गुणिले २५० केबी, म्हणजे २८५ एमबी. गिटहबमध्ये आरामात.

---

माणदेशी, मंगळवार, सकाळी ७:१५

खटपट्या, हिशोब पटला, पण एक अडचण आहे. या शिळा झिजलेल्या असतात. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर कलश किंवा चंद्रसूर्य, हे ढोबळ दिसतं. पण खालच्या माणसाच्या हातात तलवार आहे की धनुष्य, मागे गायी आहेत की घोडे, हे मूळ फोटो मोठा करूनच कळतं. आणि गायी असल्या तर तो गोधन राखताना मेला, अख्खा अर्थच बदलतो. सकाळच्या तिरप्या उन्हात मुद्दाम काढलेत हे फोटो. १६०० पिक्सेलमध्ये एका शिळेवर करून बघितलं, धनुष्याची दोरी गेली.

---

दूरदेशी, मंगळवार, दुपारी १:०५

जर्मनीतून लिहितोय, एका ग्रंथालयाच्या डेटा विभागात काम करतो. इथे रोज हाच घोळ निस्तरतो, म्हणून जरा लांबण लावतो.

तुम्ही 'साइट' म्हणताय त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, लोकांना बघायचं दालन. दुसरी, संशोधनाचा मूळ ऐवज: ३८६ नोंदींचा तक्ता आणि पूर्ण आकाराचे फोटो. दालन हलकं हवं, पटकन उघडायला हवं, आणि ते बदलत राहणार. ऐवज जड असतो, तो क्वचित कोणी उतरवून घेईल, पण तो हलता कामा नये. दोन्हींना एकाच जागी कोंबायला गेलं की दोन्हींचं वाटोळं होतं.

ऐवजासाठी झेनोडो, संशोधनाचा डेटा साठवायचं ऑनलाइन कोठार. सर्न ही युरोपातली संशोधनसंस्था ते चालवते, २०१३ पासून आहे, फुकट आहे. एका नोंदीत ५० जीबीपर्यंत जागा, मात्र फाइली १०० पेक्षा जास्त नकोत. म्हणून तालुकावार झिप करा: माणची एक, खटावची एक. चढवलं की डीओआय, म्हणजे त्या नोंदीचा कायमचा ओळखक्रमांक, मिळतो. तो प्रबंधात छापा, शोधनिबंधात छापा. नवी आवृत्ती चढवली की तिला स्वतःचा डीओआय मिळतो, आणि सगळ्या आवृत्त्यांचा मिळून एक सामाईक डीओआयही असतो, तो कायम ताज्या आवृत्तीकडे नेतो. लोक हे न बघता चुकीचा छापतात, तेवढं लक्ष ठेवा.

अजून एक. झेनोडोवर नुसती ह्यूगोची मूळ सामग्री टाकू नका, तयार झालेलं 'पब्लिक' फोल्डरही झिप करून टाका. दहा वर्षांनी तुमच्या भाच्याने निवडलेली थीम आणि तेव्हाचा ह्यूगो यांचं जमेलच असं नाही. तयार एचटीएमएल मात्र तेव्हाचा ब्राउझरही उघडेल. १९९६ची पानं आजही उघडतात की.

---

सदाफुली, मंगळवार, दुपारी ३:३०

विद्यापीठाच्या सर्व्हरबद्दल. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे, कुठल्या ते राहू द्या. आमच्याकडे एका प्राध्यापकांनी हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची संकेतस्थळावर ठेवली होती. कष्टाचं काम. नंतर मुख्य संकेतस्थळाचा ठेकेदार बदलला. नव्याने सगळं 'आधुनिक' केलं, वर फिरणारे फोटो आले, आणि सूची गेली. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, जुन्या डेटाचा बॅकअप आमच्या स्कोपमध्ये नव्हता." प्राध्यापक तोवर निवृत्त. शेवटी त्यांच्या घरच्या पेनड्राइव्हवर एक जुनी प्रत निघाली.

पण तुमच्या मार्गदर्शकांचं सगळंच चूक नाही. डॉट एसी डॉट इन हा पत्ता फक्त शिक्षणसंस्थांना मिळतो, त्याला वजन आहे. म्हणून विभागाच्या पानावर तुमच्या प्रकल्पाची चार ओळींची ओळख आणि दुवा ठेवायला सांगा. मार्गदर्शकांचा मान राहील, आणि ठेकेदार बदलला तर चार ओळी जातील, ३८६ शिळा नाही.

---

तिरकस, मंगळवार, संध्याकाळी ६:१२

दहा वर्षांनी बघणार कोण आहे पण?

---

सदाफुली, मंगळवार, संध्याकाळी ६:२०

@तिरकस, त्या सूचीसाठी परवाच एका मुलीची ईमेल आली. छापील लेखाच्या तळटीपेत पत्ता होता. तो लेख १३ वर्षांपूर्वीचा.

---

तिरकस, मंगळवार, संध्याकाळी ६:४४

बरं, शब्द मागे घेतो. मग उलट बाजूने बोलतो. गिटहब म्हणजे काय अमरपट्टा घेऊन आलंय? जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं. गूगल कोड २०१६ मध्ये. फ्युजन टेबल्सवर किती संशोधकांचे नकाशे होते, ते २०१९च्या डिसेंबरात बंद. हेरोकूची फुकट योजना २०२२च्या नोव्हेंबरात गेली. प्रत्येक वेळी कंपनी मोठीच होती आणि प्रत्येक वेळी लोक म्हणत होते, छे हो, हे कुठे बंद होतंय.

---

गंजका खिळा, मंगळवार, संध्याकाळी ७:३०

म्हणूनच स्वतःचं डोमेन घ्या म्हणतो. गिटहबच्या नावाचा पत्ता प्रबंधात छापू नका. तो पत्ता तुमच्या खात्याच्या नावावर बेतलेला असतो. कंपनी सोडा, तुम्हीच उद्या खात्याचं नाव बदललंत तरी दुवे मेले. डॉट इन डोमेन वर्षाला हजाराच्या आत-बाहेर पडतं, एका वेळी दहा वर्षांपर्यंत नोंदवता येतं. डीएनएसमध्ये (कुठलं नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं त्या नोंदीत) ते आज गिटहबकडे वळवा. उद्या गिटहब बुडालं तर तेच फोल्डर दुसरीकडे ठेवा आणि डीएनएस तिकडे वळवा. वाचणाऱ्याला पत्ताही लागणार नाही की घर बदललं.

एचटीटीपीएस प्रमाणपत्राचे वेगळे पैसे मागणारा विक्रेता भेटेल, हसून पुढे जा. गिटहब ते आपोआप फुकट लावून देतं.

---

वहीतलं पान, मंगळवार, रात्री ८:१०

डोमेनबद्दल एक अनुभव. आम्ही काही जणांनी मिळून एका चर्चासत्राचं संकेतस्थळ केलं होतं. डोमेन ज्याच्या नावावर होतं त्याने नोकरी बदलली, नूतनीकरणाची पत्रं जुन्या ईमेलवर जात राहिली. एके दिवशी उघडून बघतो तर तिथे रमी. आजही एका इतिवृत्ताच्या पृष्ठ ४ वरून लोक रमी खेळायला जातायत.

तेव्हा: आपल्या खाजगी, कायमच्या ईमेलवर नोंदवा. कार्ड बदललं की तिथेही बदला. आणि दुसऱ्या कोणाला तरी पासवर्ड कुठे आहे ते माहीत असू द्या.

---

देवनागरीवेडा, मंगळवार, रात्री ९:००

डॉट भारत घ्या ना! देवनागरीत पत्ता, २०१४ पासून मिळतोय. मराठी विषय, मराठी शिळा, मग पत्ता रोमनमध्ये का?

---

खटपट्या, मंगळवार, रात्री ९:२५

मन तुमच्या बाजूने, अनुभव उलटा. देवनागरी डोमेन आतून 'एक्सएन'ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या जंजाळात साठवलेलं असतं, आणि कुठेतरी चिकटवलं की ते जंजाळच बाहेर येतं. पानांच्या पत्त्यातली देवनागरीही तशीच. 'वीरगळ' हा शब्द घ्या. व, दीर्घ वेलांटी, र, ग, ळ, अशी पाच चिन्हं. प्रत्येकाचे युनिकोडमध्ये तीन बाइट, आणि दुव्यात प्रत्येक बाइटमागे टक्क्याची खूण धरून तीन अक्षरं. पाच चिन्हांच्या शब्दाची पंचेचाळीस अक्षरं झाली. व्हॉट्सॲपवर पाठवला की लोकांना वाटतं व्हायरस आला.

डॉट भारत शोभेला जरूर घ्या, मुख्य पत्त्याकडे वळवून ठेवा. पण छापायचा पत्ता रोमन, आणि पानांचे पत्ते नुसत्या क्रमांकाचे. शिळा क्रमांक ४२, म्हणून पत्त्याच्या शेवटी ०४२. गावाचं नावही त्यात नको. एकाच नावाची दोन गावं एका तालुक्यात निघतात.

---

नदीकाठ, मंगळवार, रात्री ११:०२

सगळे होस्टिंगवर बोलतायत, मला दुसरीच काळजी वाटतेय. ताई, त्या नकाशावर शिळांचे अक्षांश-रेखांश किती अचूक आहेत? आणि फोटो मोबाइलने काढलेले आहेत का?

पारावर पडलेली सुटी वीरगळ दोन माणसं टेम्पोत घालून नेऊ शकतात. सहा दशांश स्थळांपर्यंतचा बिंदू म्हणजे शिळेपाशी नेऊन उभं करणं झालं. दोन दशांश स्थळं ठेवलीत तर बिंदू साधारण किलोमीटरभराच्या आत-बाहेर राहतो. गाव कळतं, शिळा नाही.

आणि नकाशावरून काढून भागत नाही. मोबाइलच्या फोटोत जीपीएस आतच लिहिलेलं असतं.

---

माणदेशी, बुधवार, सकाळी ६:४०

नदीकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून झोप उडाली. निम्मे फोटो मोबाइलचे आहेत. सकाळी उठून भाच्याला फोन केला. साइटवर दिसणाऱ्या छोट्या फोटोंमध्ये जीपीएस नाही, ह्यूगो आकार कमी करताना ते गाळतो म्हणे. पण मूळ फोटो त्याने परवाच सार्वजनिक रेपोत चढवून ठेवलेत! एक उतरवून बघितला. अक्षांश, रेखांश, वेळ, समुद्रसपाटीपासूनची उंचीसकट सगळं.

फाइली डिलीट केल्या तर चालेल ना?

---

गंजका खिळा, बुधवार, सकाळी ७:०५

नाही चालणार! गिटचं (गिटहबच्या पोटातल्या यंत्रणेचं) कामच मुळी जुनं विसरायचं नाही हे आहे. डिलीट केलेली फाइल इतिहासात तशीच राहते, कोणीही मागे जाऊन काढू शकतो. इतिहास पुसायची अवजारं आहेत, पण तुमचा रेपो दोन दिवसांचा आहे. अख्खा रेपो उडवा आणि नवा करा. कोणी त्याची फोर्क (स्वतःच्या खात्यात प्रत) केलेली नाही ना ते आधी बघा.

नवा करायच्या आधी एक्झिफटूल चालवून सगळ्या फोटोंतली स्थळाची माहिती काढा. त्याच्या आधी मूळ फोटोंची एक अस्पर्श प्रत हार्ड डिस्कवर वेगळी ठेवा. तुमच्या संशोधनाला ती लागणारच. आणि रेपोत मूळ फोटो ठेवूच नका, तो रेपोच ८ जीबीचा होऊन बसेल.

---

दूरदेशी, बुधवार, दुपारी १२:३०

अचूक स्थळांचा तक्ता आणि मूळ फोटो झेनोडोवर वेगळ्या नोंदीत ठेवा आणि फाइली मर्यादित प्रवेशाच्या करा. नोंद सगळ्यांना दिसते, डीओआय मिळतो, फाइल मात्र मागणी करून तुमच्या परवानगीनेच मिळते. जीपीएस काढलेले पूर्ण आकाराचे फोटो खुल्या नोंदीत. धनुष्याची दोरी ज्याला बघायची आहे त्याने तिथून घ्यावी. शिळेच्या पानावर तसा दुवा द्या.

---

तिरकस, बुधवार, दुपारी २:००

या लपवाछपवीवर माझा थोडा आक्षेप आहे. चोरणाऱ्याला गाव कळलं की पुरे, पार विचारायला जीपीएस लागत नाही. उलट शिळेचा मोजमापासकट फोटो जगजाहीर असेल तर ती विकणं अवघड होतं. १९७२च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरचं शिल्प म्हणजे पुरावशेष. पण ते 'आमच्याच गावचं' हे सिद्ध कशाने करणार? फोटोनेच. नोंद नसलेली शिळा गेली की गेलीच.

---

नदीकाठ, बुधवार, दुपारी २:४०

तिरकसांचं हे मात्र सरळ निघालं. मान्य. फोटो आणि मोजमाप उघडं ठेवाच, मी फक्त बिंदूबद्दल बोलतोय. देवळाच्या भिंतीत चिणलेल्या शिळेचा बिंदू उघडा ठेवला तरी माझी हरकत नाही, ती कोण नेतोय. मुंबईत बोरिवलीच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई आहे, त्या कुठे आहेत ते सगळ्यांना माहीतच आहे. प्रश्न सुट्या पडलेल्यांचा.

---

वहीतलं पान, बुधवार, रात्री ८:५५

बाकी पर्यायांवर कोणी बोललंच नाही. माझे दोन पैसे:

क्लाउडफ्लेअर पेजेस. फुकट, वाहतुकीला मर्यादा नाही. पण फुकट योजनेत फाइली २०,००० पर्यंत आणि एकेक फाइल २५ एमबीच्या आत. तुम्हाला पुरेल. नव्या लोकांना आता ते वर्कर्स नावाच्या त्यांच्या दुसऱ्या सोयीकडे वळवतात, काम तेच.

नेटलिफाय. फोल्डर ओढून पानावर सोडलं की साइट चालू, गिट यायचीही गरज नाही. नवख्याला याहून सोपं काही नाही. पण २०२४च्या फेब्रुवारीत एका माणसाच्या छोट्याशा साइटवर कोणीतरी हल्ला करून एक ऑडिओ फाइल सतत उतरवत राहिलं आणि त्याला एक लाख चार हजार डॉलरचं बिल आलं. बोभाटा झाल्यावर कंपनीने ते माफ केलं, ही गोष्ट वेगळी.

ॲमेझॉनचं एस३, फाइली साठवायची सेवा. मुंबईतच त्यांचं केंद्र आहे, पैसेही थोडेच लागतात, पण कार्ड जोडलेलं असतं आणि खर्च अमुक रकमेला आपोआप थांबेल अशी सोपी कळ नाही. पीएचडीच्या शिष्यवृत्तीत हा जुगार नको.

गिटलॅब पेजेस. खाजगी रेपोतूनही फुकट साइट. कोडबर्ग. बर्लिनची ना-नफा संस्था, कंपनी नाही, हे ज्याला भावतं त्याने बघावं.

स्वतःचा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर. नवऱ्यांना फार आवडतो. महिन्याला पाचशेच्या आसपास पडतो आणि सुरक्षेची ठिगळं लावायला रविवार जातो.

---

माणदेशी, बुधवार, रात्री ९:३०

माझ्या नवऱ्याला हे वाचून दाखवलं. हसला नाही.

---

गावठाण, गुरुवार, सकाळी १०:१०

धागा शांतपणे वाचतोय, एकच विचारतो. हे गावात उघडेल का? आमच्याकडे डोंगराच्या अलीकडे रेंज आहे, पलीकडे नाही. यात्रेला माणसं जमली की आहे ती पण जाते. त्या शिळेला रोज शेंदूर लावणाऱ्या माणसाला ते पान दिसलं नाही तर काय उपयोग?

---

खटपट्या, गुरुवार, सकाळी ११:००

गावठाण, लाखमोलाचा प्रश्न. ताई, शिळेच्या पानावर पहिला फोटो ८०० पिक्सेलचा, ८०-१०० केबीचा. दाबला की १६०० चा. बाकीचे फोटो खाली सरकल्यावरच उतरू द्या, एचटीएमएलमध्ये ते एका शब्दाचं काम आहे. नकाशा प्रत्येक पानावर नको, त्याचं स्वतंत्र पान. नकाशाची लीफलेट लायब्ररी दुसऱ्याच्या सर्व्हरवरून ओढू नका, फाइल आपल्याच फोल्डरात ठेवा. फाँटही तसाच. 'मुक्त' नावाचा किंवा नोटोचा देवनागरी फाँट उतरवून आपल्याकडे ठेवा, एकच वजन (अक्षरांची जाडी) पुरे. चार वजनांचे देवनागरी फाँट म्हणजे पानावरच्या पहिल्या फोटोहून जड.

आणि पानाच्या भाषेची खूण मराठीची ठेवा, हिंदीची नको. काही फाँट ती खूण बघून 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दाखवतात.

---

माणदेशी, शुक्रवार, रात्री ११:५०

साइट चढली! डोमेन घेतलं, पाच वर्षांचं. गिटहबवर प्रो खात्यातून खाजगी रेपो.

पण दोन घोळ. पहिला भाच्याने सोडवला. लॅपटॉपवर दिसणारे काही फोटो तिथे गायब. कॅमेऱ्याच्या फाइलींची शेपटी मोठ्या लिपीत होती आणि पानात छोट्या लिपीत लिहिली होती. आमच्या विंडोजला फरक पडत नाही, तिथल्या लिनक्सला पडतो.

दुसरा सुटत नाहीये. कऱ्हाड तालुक्याचं पान उघडतच नाही, '४०४' (पान सापडलं नाही) येतं. बाकी सगळे तालुके चालतात. फोल्डरचं नाव शंभर वेळा तपासलं, अक्षर न् अक्षर तेच आहे. (हो, मला कळतंय, क्रमांक द्यायचे होते. शिळांना दिले, तालुक्यांची नावं राहिली.)

---

देवनागरीवेडा, शनिवार, सकाळी ८:१५

थांबा, हा माझा प्रांत! फोल्डरचं नाव आणि यादीतल्या दुव्यातलं नाव, दोन्ही इथे चिकटवा.

---

माणदेशी, शनिवार, सकाळी ८:४०

फोल्डर: कऱ्हाड
दुवा: कर्‍हाड

---

देवनागरीवेडा, शनिवार, सकाळी ९:०५

सापडलं. डोळ्याला सारखे दिसतात, पण बाइट मोजले तर पहिल्यात १८ आणि दुसऱ्यात २१.

पहिल्यात 'ऱ' हे युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर आहे, त्याला हलन्त, मग 'हा'. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, आणि त्याच्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह. दोन्ही पद्धतींनी तोच अर्धा र उमटतो. एक नाव भाच्याच्या कळफलकावरून आलं असणार आणि दुसरं तुमच्या मोबाइलवरून. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी गावं.

तालुक्यालाही रोमन किंवा क्रमांकाचं नाव द्या, हे आजचं काम. पण तेवढ्याने संपत नाही. तुमच्या शोधाच्या चौकटीतही हाच घोळ आहे. कोणी एका पद्धतीने 'कऱ्हाड' टाइप केलं की दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या नोंदी सापडणार नाहीत. 'गावकऱ्यांच्या', 'पायऱ्या', 'दुसऱ्या', जिथे जिथे हा र आहे तिथे तेच. साइट बांधायच्या आधी सगळ्या मजकुरात एकच पद्धत करून घ्या, आणि शोधायला टाकलेल्या शब्दावरही तोच बदल चालवा. दहा ओळींचं काम आहे, भाच्याला द्या.

---

गंजका खिळा, शनिवार, सकाळी ९:३०

२५ वर्षं या धंद्यात आहे. हे माहीत नव्हतं.

---

खटपट्या, शनिवार, सकाळी ९:५०

शोधाचं निघालंच आहे तर, पेजफाइंड वापरताय का? स्टॅटिक साइटला उत्तम. पण मराठी शब्दाचं मूळ त्याला ओळखता येत नाही. 'सतीशिळा' शोधलं तर 'सतीशिळेवर' लिहिलेली नोंद येईलच असं नाही. प्रत्येक नोंदीत खाली मूळ रूपातले चार-पाच शब्द वेगळे लिहून ठेवा: वीरगळ, सतीशिळा, गद्धेगळ (शापवचनाची शिळा), गावाचं नाव, देवळाचं नाव.

---

दूरदेशी, शनिवार, दुपारी १:१५

अभिनंदन! आता मुख्य पान, नकाशा आणि गावांची यादी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साठवून घ्या, त्यांच्या पानावर पत्ता टाकला की होतं. फार भिस्त ठेवू नका, २०२४च्या ऑक्टोबरात त्यांच्यावर हल्ला होऊन तेही काही दिवस बंद होते. पण जास्तीची एक प्रत कधी वाया जात नाही. परवान्याची ओळही लिहा. क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ४.० चालेल. परवाना नसेल तर चांगला माणूस वापरायला घाबरतो आणि दुसरा विचारतच नाही.

---

माणदेशी, पुढचा गुरुवार, रात्री १०:०५

कऱ्हाड उघडलं. झेनोडोवर दोन नोंदी झाल्या, डीओआय प्रबंधाच्या पान ३ वर टाकला. विभागाच्या पानावर चार ओळी आल्या, मार्गदर्शक खूश.

शिळेच्या पानाखाली 'दुरुस्ती कळवा' म्हणून ईमेलचा दुवा दिलाय. भाचा म्हणाला स्टॅटिक साइटवर अर्ज भरून घ्यायचा तर बाहेरची सेवा जोडावी लागेल, आत्ता नको. तर आज पहिली दुरुस्ती आली, तीही ईमेलवर नाही. ज्यांच्या गोठ्याला ती शिळा आहे त्यांनी कुठून तरी नंबर काढून फोन केला. मुलाने मोबाइलवर पान दाखवलं म्हणे. तक्रार अशी की "तुमच्या फोटूत निम्मी आमच्या म्हशीची शेपटी आलीया." खरंच आलीय. पुढे म्हणाले, आता शिळा उंबऱ्यावरनं काढून पारावर उभी केलीय, धुऊन लख्ख केलीय, कधी येताय फोटो काढायला.

रविवारी जातेय.

---

नदीकाठ, पुढचा गुरुवार, रात्री १०:२०

वा! पण धुतली कशाने ते विचारा. तारेचा ब्रश नाही ना लावला?

---

माणदेशी, पुढचा गुरुवार, रात्री १०:२२

अगं बाई. आत्ताच फोन करते.